दोन औंसांची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

बोन्सायचं प्रदर्शन असलं की एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या आजी फूटभर उंचीच्या वडासमोर बराच वेळ उभ्या राहतात, त्याच्या पारंब्या निरखतात आणि मग हळूच विचारतात, "अहो, पण याला उपाशी ठेवूनच असं करतात ना?" विचारण्यात राग नसतो, त्यांना खरंच वाईट वाटलेलं असतं. ज्या वडाला आपण वटपौर्णिमेला सूत गुंडाळतो, तो ताटलीएवढ्या कुंडीत बघून पोटात कालवलं तर नवल नाही. आपल्या बोलण्यातही हा समज पक्का बसला आहे. एखाद्या हुशार मुलाची वाढ घरच्यांनी रोखली, की आपण 'त्याचा बोन्साय करून टाकला' असं म्हणतो.

त्या आजींना उत्तर द्यायचं तर ते एका वाक्याचं आहे. उपाशी झाड लहान राहत नाही, ते आजारी पडतं आणि मरतं. बोन्साय लहान राहतो तो फांद्यांच्या आणि मुळांच्या छाटणीमुळे आणि उथळ कुंडीमुळे. खाण्याच्या बाबतीत मात्र त्याची बडदास्त अंगणातल्या आंब्यापेक्षा जास्त ठेवावी लागते. अंगणातल्या आंब्याला लांबवर मुळं पसरून आपलं अन्न शोधता येतं. कुंडीतल्या झाडाच्या वाट्याला ओंजळ-दोन ओंजळी माती येते. तिला रोज पाणी घालावं लागतं, आणि ते पाणी खालच्या भोकातून जाताना मातीतलं अन्नही सोबत घेऊन जातं. म्हणजे अशा झाडाला जे काही खायला मिळणार, ते माणसाच्या हातूनच. मग काय द्यायचं, किती द्यायचं आणि केव्हा? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला माणसाला जवळजवळ चारशे वर्षं लागली, आणि त्यात जपानी तेलवाल्यांपासून जर्मन रसायनशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांचा हात लागला. ती हकिगत आज सांगायची आहे.

सुरुवात कुंडीतल्याच एका झाडापासून करू. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट नावाचा वैद्य राहत होता. त्यानं एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो, माती भरली आणि तिच्यात ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. कुंडीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं, म्हणजे धूळ आत जायला नको. पाच वर्षं त्यानं झाडाला फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर ते १६९ पौंड आणि वर सुमारे ३ औंस भरलं. मग त्यानं माती पुन्हा वाळवली आणि तोलली. २०० पौंडांतून गेले होते फक्त २ औंस. म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाहीत.

हेल्मोंटनं निष्कर्ष काढला, की झाड पाण्यापासून बनतं. तो १६४४ साली वारला आणि त्याच्या मुलानं १६४८ साली त्याचं लिखाण छापलं, त्यात हा प्रयोग आहे. निष्कर्ष चुकला होता. झाडाच्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे कळायला पुढे दीडशे वर्षं जावी लागली. पण त्याची खरी चूक दुसरीच होती. ते दोन औंस त्यानं हिशेबात धरलेच नाहीत. इतक्या मोठ्या झाडापुढे दोन औंस ते काय, असं त्याला वाटलं असावं.

आपल्याकडे चूल पेटवलेल्या पिढीला हे दोन औंस समजावून सांगावे लागणार नाहीत. मोठा ओंडका जाळला, की शेवटी मूठ-दोन मुठी राख उरते. बाकीचं सगळं हवेतून आलेलं हवेत जातं. जी उरते ती राख म्हणजे झाडानं मातीतून उचललेले क्षार. त्यात धुरावाटे निघून गेलेलं नत्र मिळवलं, की झाडाची मातीकडची मागणी पूर्ण होते. मागणी एवढीशीच, पण तिच्यावाचून बाकीचं सगळं अडतं. खताचा सगळा इतिहास हा हेल्मोंटनं सोडून दिलेल्या त्या दोन औंसांचा इतिहास आहे.

हेल्मोंटच्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला माणसं कुंड्यांत झाडं वाढवत होती, पण प्रयोग म्हणून नव्हे, हौस म्हणून. कुंडीत झाड वाढवायची कला जपानला चीनकडून मिळाली. १३०९ सालच्या एका जपानी चित्रपटावर कुंडीतली अशी झाडं रंगवलेली आहेत. १६२३ साली शोगुन, म्हणजे जपानचा प्रत्यक्ष राज्यकर्ता, झालेला तोकुगावा इएमित्सु हा या झाडांचा मोठा शौकीन. त्यानं सांभाळल्याचं सांगितलं जाणारं एक पाइन वृक्षाचं बोन्साय टोकियोच्या राजवाड्याच्या संग्रहात आजही आहे. तेव्हाच्या टोकियोचं नाव एदो. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती. या शहराच्या सोमेई नावाच्या भागात माळ्यांची वस्तीच होती. तिथल्या इतो इहेई या माळ्यानं १६९५ साली झाडांच्या जाती आणि त्यांची लागवड यांवर एक ग्रंथ छापला. बागकाम हा तिथे तेव्हा रीतसर धंदा झाला होता.

एवढ्या मोठ्या शहराला अन्न पुरवायचं तर भोवतालच्या शेतांना खत हवं. जपानमध्ये गुरं कमी, त्यामुळे शेणखत थोडं. मग शहराचा मैलाच शेतकरी विकत घेऊन जाऊ लागले. ओसाका शहरात तर मैल्यावर घरमालकाचा हक्क आणि मूत्रावर भाडेकरूचा, अशी वाटणी ठरलेली होती. ऐकायला गंमत वाटते, पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्याची किंमत काय होती हे त्यावरून कळतं. त्याखेरीज समुद्रकाठी सुकवलेल्या सार्डिन माशांचं खत कापसाला जाई. आणि तिसरं खत म्हणजे पेंड.

ही पेंड यायची दिव्यांपायी. त्या काळी जपानी घरांत रात्री कागदी कंदिलात तेलाचा दिवा जळे आणि त्यासाठी मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेल काढत. तेल दिव्यात गेलं, की घाण्यात चोथा उरे. तो शेतकरी विकत घेत. मासळीचं आणि पेंडीचं असं पैसे मोजून आणलेलं खत, म्हणून त्याला 'किन्पी' असं नाव पडलं. त्यातल्या 'किन्' या अक्षराचा अर्थ सोनं आणि पैसा. दिवे पुढे गेले, विजेचे आले, पण ही पेंड मात्र जपानी बोन्सायच्या कुंडीवर अजूनही आहे. ती का टिकली, हे कळण्यासाठी आधी जर्मनीत डोकवावं लागेल.

१८४० साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. झाडाला मातीतून मुख्यतः खनिज क्षार लागतात, आणि जे पिकाबरोबर गेलं ते परत दिलं नाही तर जमीन रिकामी होते, हे त्याचं म्हणणं. कार्ल श्प्रेंगेलनं त्याच्या आधी मांडलेला एक नियमही लीबिगमुळे जगभर झाला. जो घटक सर्वांत कमी, तोच वाढ ठरवतो. पिंपाची एक फळी आखूड असली, की पाणी तिथपर्यंतच भरतं, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. घरच्या कुंडीपुढे उभं राहताना हे पिंप डोळ्यांसमोर ठेवावं. पानं पिवळी पडली म्हणून आपण युरिया टाकतो. पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोह कमी पडलेलं असतं. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की कुंडीतली माती चुनखडीची होते आणि तिथे लोह झाडाच्या हाती लागत नाही. अशा वेळी टाकलेला युरिया म्हणजे उंच फळीलाच आणखी उंच करणं.

लीबिगचा जपानशी एक दुवा आहे. १८६०-६१ साली प्रशियाचं एक शिष्टमंडळ जपानला गेलं होतं. त्यातल्या हेरमान मारोन या गृहस्थांनी जपानी शेतीवर अहवाल लिहिला. शहराचा मैला परत शेतात जातो आणि जमीन खंगत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. लीबिगला आपल्या सिद्धांताचा जिवंत दाखलाच मिळाला. त्यानं तो अहवाल आपल्या पुस्तकाला जोडला. इंग्लंडवर मात्र त्याचा राग होता. हाडांत स्फुरद असतं, म्हणून इंग्लंड युरोपातून हाडं गोळा करून नेत होतं. लायप्झिग, वॉटर्लू आणि क्रिमियाच्या रणांगणांवरची हाडंसुद्धा इंग्लंडनं उकरून नेली, असा आरोप त्यानं केला.

हाच प्रश्न आपल्या दाराशीही आला. जॉन ऑगस्टस फोल्कर हे इंग्लंडमधले शेती-रसायनतज्ज्ञ १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, वर्षभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इथला शेतकरी अडाणी नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. लाकूड मिळत नाही म्हणून शेण चुलीत जातं, गळिताचं धान्य आणि हाडं परदेशी जातात, आणि त्यांच्याबरोबर जमिनीचं खत देशाबाहेर जातं, हे त्यांचं निरीक्षण होतं. आपल्या घाण्यावरच्या पेंडीचं मोल एका परदेशी शास्त्रज्ञानं असं सरकारदरबारी मांडलं होतं.

जपाननं या सुमारास वेगळी वाट धरली. ग्लासगोला शिकून आलेले तरुण रसायनतज्ज्ञ ताकामिने जोकिची १८८४ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनाला गेले. तिथे त्यांनी स्फुरदाचा खनिज दगड पाहिला. या दगडावर गंधकाम्ल ओतलं, की सुपर फॉस्फेट हे पाण्यात विरघळणारं खत बनतं. इंग्लंडमध्ये जॉन लॉझ यांनी त्याचं पेटंट १८४२ मध्येच घेतलं होतं. ताकामिने परतले आणि उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या साथीनं १८८७ साली टोकियोत कृत्रिम खताची कंपनी निघाली. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे, तेच हे शिबुसावा. जपानला स्फुरदाची इतकी ओढ का, याचं उत्तर तिथल्या मातीत आहे. टोकियोभोवतालची माती ज्वालामुखीच्या राखेची. ही माती स्फुरद घट्ट धरून ठेवते, मुळांना सहज सोडत नाही.

उरलं नत्र. हवेत ते भरपूर, पण झाडाला हवेतून थेट घेता येत नाही. फ्रित्स हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना १९१३ मध्ये ओपाउ इथे उभा केला. पुढे युरिया आला. आपल्याकडे सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, नंतर मुंबईजवळ तुर्भे इथला. खताची गोणी गावोगाव पोहोचली आणि तिच्यावर तीन आकडे आले. पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. १९:१९:१९ म्हणजे शंभर किलोत प्रत्येकी १९ किलो. यातले स्फुरद आणि पालाश आजही ऑक्साइडच्या रूपात मोजले जातात, कारण पहिल्या रसायनशास्त्रज्ञांनी झाड जाळून त्याच्या राखेचं पृथक्करण केलं होतं. हेल्मोंटचे दोन औंस गोणीवर छापले गेले, ते असे.

आता सगळं सोपं व्हायला हवं होतं. कुंडीतल्या झाडाला काय लागतं ते कळलं, ते स्वच्छ पांढऱ्या दाण्यांत बाजारात मिळू लागलं. मग वास येणारी पेंड जपानी बोन्सायवाल्यांनी टाकून का दिली नाही?

याचं उत्तर शोधायला ओमिया गावी जायला हवं. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं. शहरातल्या बोन्साय माळ्यांना मोकळी जागा, चांगली माती आणि चांगलं पाणी हवं होतं. १९२५ साली त्यांतले काही उत्तरेला ओमियाला जाऊन वसले आणि तिथे बोन्सायवाल्यांचं गावच झालं. गावाचे नियम ठरले. प्रत्येक घरी निदान दहा बोन्साय हवेत, दार येणाऱ्याजाणाऱ्याला उघडं हवं, कुंपण झाडांचंच हवं, आणि घर दुमजली बांधायचं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाडांची हौस म्हणजे चैन ठरली आणि बऱ्याच बागा बंद पडल्या. तरी काही टिकल्या. २०१० साली तिथे बोन्सायचं संग्रहालय सुरू झालं.

जपानी माळी बोन्सायसाठी 'अकादामा' नावाची माती वापरतात. लाल रंगाचे, वाटाण्याएवढे किंवा त्याहून बारीक, भाजल्यासारखे दिसणारे दाणे. पाणी घातलं की सर्रकन निघून जातं आणि मुळांना हवा मिळते. पण या दाण्यांत झाडाला खायला जवळजवळ काही नसतं. विरघळणारं खत अशा कुंडीत घातलं, की थोडं मुळांना मिळतं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशीच्या पाण्याबरोबर वाहून जातं. आणि एकदम जास्त पडलं, तर कुंडीत मीठ ओतल्यासारखं होतं. मुळांनी पाणी ओढायचं ते उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. लोणच्यात कैरीला पाणी सुटतं, तसंच हे.

पेंडीचं तसं नाही. तिच्यातलं नत्र प्रथिनांत बांधलेलं असतं. जिवाणूंनी ते कुजवून मोकळं केल्याशिवाय झाडाला मिळत नाही. हे जिवाणू ऊब आणि ओल असली की कामाला लागतात, थंडी पडली की मंदावतात. झाडाचंही तेच आहे. उबेला वाढतं, थंडीत थांबतं. म्हणजे भूक लागली की ताट वाढलं जातं, भूक नसली की वाढणारा हात आपोआप आखडतो. दिव्यासाठी तेल काढून उरलेला चोथा कुंडीला इतका मानवला, त्याचं कारण हे. रसायनशास्त्रानं पेंडीला बाद केलं नाही. ती का चालते, एवढंच सांगितलं.

त्यामुळे जपानी माळी रेपसीडची पेंड आणि हाडांचा चुरा पाण्यात कालवून आंबवतात आणि त्याचे गोळे वाळवतात. पेंड जास्त, हाडांचा चुरा कमी. पेंडीत नत्र असतं, हाडांत स्फुरद, आणि ज्वालामुखीच्या मातीला स्फुरदाची गरज. हे गोळे मातीत पुरत नाहीत, वर ठेवतात. रोजच्या पाण्यानं ते थोडेथोडे पाझरतात. वसंतातली पालवी जून झाली की गोळे ठेवायचे, भर पावसात आणि कडक उन्हाळ्यात उचलायचे, शरदात पुन्हा ठेवायचे. यातला 'उचलायचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्यात विरघळवून घातलेलं खत परत घेता येत नाही. वर ठेवलेला गोळा घेता येतो.

हे मला शहाणपणानं कळलं नाही, नुकसान होऊन कळलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक पिंपरणीचं झाड होतं. दहा वर्षं सांभाळलेलं. एका मे महिन्यात त्याची वाढ थांबल्यासारखी वाटली, म्हणून मी चमचाभर युरिया पाण्यात ढवळून घातला. चार दिवसांनी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात सगळी पानं गळाली. कुंडी उपसली तर मुळं तपकिरी आणि मऊ झालेली. त्या झाडाला भूक नव्हती, उन्हानं ते दमलं होतं. मी त्याला उपाशी ठेवून नव्हे, जेवू घालून मारलं. पुढे विचारपूस केली तेव्हा कळलं, की बोन्साय पाळणाऱ्या बहुतेकांची पहिली झाडं अशीच गेलेली असतात. प्रदर्शनात त्या आजी 'उपाशी' म्हणाल्या की मला ती पिंपरण आठवते.

जपानची रीत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, पण तिचं तत्त्व चालतं. आपल्याकडे रेपसीडच्या पेंडीची गरज नाही. साधारण हिशेब असा. भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ७ टक्के नत्र, निंबोळी पेंडीत ५ च्या आसपास, एरंडीच्या पेंडीत ४ ते साडेचार. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद २० टक्क्यांच्या वर. निंबोळी पेंडीचा आणखी एक फायदा असा, की तिच्यामुळे मातीतल्या किडींना थोडा आळा बसतो. तीन भाग पेंड, एक भाग हाडांचा चुरा, पाण्यात कालवून, झाकून पंधरा-वीस दिवस आंबू द्यावं आणि बोराएवढे गोळे करून उन्हात खडखडीत वाळवावेत. कच्ची पेंड थेट कुंडीत घालू नये. ती कुजताना तापते आणि मुंग्या-माश्या जमवते. घरात कुत्रं असेल तर एरंडीची पेंड आणूच नये. कुत्रं ती आवडीनं खातं आणि ती त्याला विषारी असते. मध्यम कुंडीला चार गोळे पुरतात, खोडापासून दूर, कडेला. महिना-दीड महिन्यानं जुने काढून नवे ठेवावेत.

वेळ मात्र आपल्या ऋतूंची. आपल्या वड, पिंपळ, उंबराला चैत्रपालवी फुटते. ती पक्की झाली की पहिले गोळे. वैशाखाच्या उन्हात हात आखडता. मृगाचा पाऊस स्थिरावला की झाडं जोमानं वाढतात, तेव्हा पुन्हा. पण कोकणासारखा धो धो पाऊस असेल तर गोळ्यांचा चिखल होतो, तिथे उघडीप बघून ठेवावेत. दिवाळीनंतर कमी करत आणावेत. कुंडी बदलल्यावर महिनाभर काही नको, तुटलेल्या मुळांना आधी नवे तंतू फुटू द्यावेत. आजारी झाडाला तर खत मुळीच नको. तापाच्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही. गोणीतलं किंवा पुडीतलं विरघळणारं खत वापरायचं असेल तर खुशाल वापरावं, त्यात पाप नाही. फक्त पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव मात्रा घ्यावी, आणि माती ओली असतानाच द्यावी.

आता शेवटची हकिगत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरी राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्सायचं संग्रहालय आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, त्या १९७६ साली जपाननं ५३ बोन्साय भेट दिले. त्यांत हिरोशिमाचे बोन्साय माळी मासारु यामाकी यांनी दिलेलं एक पांढऱ्या पाइनचं झाड होतं. जाड बुंधा, वर छत्रीसारखा हिरवा पसारा. पंचवीस वर्षं ते झाड म्हणजे इतर भेटींसारखीच एक भेट होती. २००१ साली यामाकींचे नातू ते बघायला आले आणि त्यांनी घरची गोष्ट सांगितली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड त्यांच्या बागेत, स्फोटापासून सुमारे ३ किलोमीटरवर, उंच भिंतीच्या आडोशाला होतं. घराच्या काचा फुटल्या, पण माणसं वाचली आणि झाडही वाचलं. यामाकींनी ज्या देशानं बॉम्ब टाकला, त्याच देशाला ते दिलं, आणि देताना ही गोष्ट सांगितली नाही.

या झाडाची कुंडीतली नोंद १६२५ सालापासूनची आहे. म्हणजे हेल्मोंट जिवंत होता तेव्हापासूनची. त्याचा विलो पाच वर्षांत उपटला गेला, आणि हे झाड अजून आहे. चारशे वर्षं या झाडाचं मूळ कुंडीबाहेर गेलेलं नाही. त्याच्या खोडात, फांद्यांत, सुयांत जे क्षार आहेत, ते कुणीतरी हातानं कुंडीपर्यंत आणले आहेत. आधी जपानमध्ये, मग अमेरिकेत, एकापाठोपाठ एक आलेल्या माणसांनी. त्यांतल्या कुणा एकानं जरी खाणंपिणं तोडलं असतं, तर ते झाड आज दिसलं नसतं.

म्हणून यापुढे प्रदर्शनात एखाद्या आजींनी विचारलं, की मी त्यांना खाली वाकून कुंडीची कड बघायला सांगणार आहे. तिथे चार तपकिरी गोळे दिसतील. ते त्याचं जेवण.